आधी बोट, मग खो!

मुलांनो, खो-खो तुम्ही सगळेच खेळत असाल. पाठीवर थाप बसते, कानाशी ‘खो!’ ऐकू येतं आणि पाय आपोआप पळू लागतात. त्या वेळी विचार करायला सवडच नसते, होय ना?

पण आमच्या शाळेत सहावीत एक मुलगी आहे. ती मैदानात उतरण्याआधी दोन मिनिटं थांबते. हात स्वच्छ धुते, आंब्याखाली बसते, दप्तरातून तळहातावर मावेल एवढं एक यंत्र काढते. बोटाला बारीकशी सुई टोचते, रक्ताचा एक थेंब पट्टीला लावते. पाच-दहा सेकंदांत यंत्रावर आकडा उमटतो. तोवर तिच्या साऱ्या मैत्रिणी भोवती गोळा झालेल्या असतात. सगळ्या एका सुरात विचारतात, ‘‘किती गं?’’ ती आकडा सांगते आणि मगच आमचा खेळ सुरू होतो.

ही आमची मैत्रीण कोण, ते मी सांगणार नाही. मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, ‘‘बाई, नाव नको, पण गोष्ट लिहा. माझ्यासारखं कुणी असेल तर त्याला कळेल.’’ म्हणून ही गोष्ट तुमच्यासाठी. आणि तुमच्या आई-बाबांसाठीसुद्धा बरं का!

बाईंची चूक

जून महिन्यात शाळा सुरू झाली. आमची ही मैत्रीण वर्गातली सगळ्यात चपळ मुलगी. खांबाला हात लावून अशी काही वळायची, की पाठलाग करणारी भलतीकडेच पळत जायची. पण त्या वर्षी काहीतरी बिघडलं होतं. तासाला दोन-दोनदा ती करंगळी वर करायची. पाण्याची बाटली सकाळीच रिकामी, मग मैत्रिणींच्या बाटल्या. डबा तर चाटूनपुसून खायची, तरी गालफडं बसलेली. मैदानावर एक फेरी मारली की धापा टाकत खाली बसायची.

आणि मी काय केलं? एके दिवशी तिला वर्गात सगळ्यांसमोर म्हटलं, ‘‘अभ्यास चुकवायला बरं निमित्त सापडलंय तुला!’’

मुलांनो, मोठी माणसंही चुकतात. हे वाक्य मला आजही टोचतं. कारण त्यानंतर आठवडाभरातच तिला उलट्या सुरू झाल्या, पोटात दुखू लागलं, श्वास जोरजोरात चालू लागला. घरच्यांनी तिला तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर तपासली, ती निघाली साडेचारशेच्या वर. उपाशीपोटी ती शंभराच्या आत असायला हवी. डॉक्टरांनी सांगितलं, ‘‘हिला टाइप वन मधुमेह झालाय.’’

खूप तहान, वारंवार लघवी, भूक असूनही वजन घटणं आणि सतत थकवा, ही त्याची चार मोठी लक्षणं. चारही माझ्या डोळ्यांसमोर होती, पण मला ती वाचता आली नाहीत. तुम्हाला आता ती माहीत झाली. घरात, वर्गात, शेजारी कुणात दिसली, तर लगेच मोठ्या माणसांना सांगा. लहान भावंडं रात्री अंथरूण ओलं करायची थांबली होती आणि पुन्हा करू लागली, तरी रागावू नका. साखर तपासायला सांगा.

वाढपी गेले कुठे?

‘‘बाई, तिने लाडू फार खाल्ले का?’’ वर्गातल्या एकाने मला विचारलं. तुमच्याही मनात तेच आलं असेल. अजिबात नाही! हा मधुमेह गोड खाऊन होत नाही आणि एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. मग होतो कसा? सोप्या भाषेत सांगते.

आपल्या शाळेत दुपारी खिचडी शिजते. पातेलं भरलेलं आहे, मुलं पंगतीत बसली आहेत. पण वाढणारं कुणी नाही! काय होईल? बाहेर पातेलं काठोकाठ भरलेलं आणि आत मुलं उपाशी. आपल्या शरीरात खिचडी म्हणजे अन्नातून आलेली साखर, ग्लुकोज. पंगतीतली मुलं म्हणजे शरीरातल्या पेशी. आणि वाढपी म्हणजे इन्सुलिन. ते तयार होतं जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात. तिथे पेशींची छोटी छोटी बेटं असतात. पॉल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्याला 1869 साली ती सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसली, म्हणून त्यांना लँगरहान्सची बेटं म्हणतात. या बेटांवरच्या बीटा पेशी इन्सुलिन बनवतात.

आपल्या शरीरात राखणदारही असतात. बाहेरून येणाऱ्या रोगजंतूंना पकडायचं, हे त्यांचं काम. पण कधी कधी या राखणदारांचीच गफलत होते. ते आपल्याच बीटा पेशींना शत्रू समजतात आणि हळूहळू त्यांचा फडशा पाडतात. यात मुलाचा दोष नाही, आईचा नाही, लाडवाचाही नाही. वाढपीच उरले नाहीत की साखर रक्तात साचते, लघवीवाटे बाहेर पडते आणि पेशी मात्र उपाशी राहतात. मग शरीर चरबी जाळू लागतं. त्यातून ‘कीटोन’ नावाची आम्ले तयार होतात. ती वाढली की उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास आणि जिवाला धोका! आमच्या मैत्रिणीचं नेमकं हेच झालं होतं.

उपाय एकच. वाढपी बाहेरून आणायचे. म्हणजे इन्सुलिनची इंजेक्शनं घ्यायची, रोज, न चुकता.

चौदा वर्षांचा लिओनार्ड

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हा उपायही नव्हता. मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून थोडे दिवस जगवायचे, एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. मग 1921 साली कॅनडातल्या टोरांटो शहरात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्याच्या स्वादुपिंडातून इन्सुलिनचा अर्क काढला. 11 जानेवारी 1922 रोजी असा अर्क पहिल्यांदा एका मधुमेही मुलाला टोचला. त्याचं नाव लिओनार्ड थॉम्पसन. वय 14 वर्षं आणि वजन जेमतेम तीस किलो! पहिलं इंजेक्शन फारसं लागू पडलं नाही. जेम्स कॉलिप यांनी अर्क आणखी शुद्ध केला. 23 जानेवारीला पुन्हा इंजेक्शन दिलं आणि मरणाच्या दारातला लिओनार्ड सावरला. त्यानंतर तो तेरा वर्षं जगला.

बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना 1923 सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. इन्सुलिनचे हक्क टोरांटो विद्यापीठाला देताना बेस्ट आणि कॉलिप यांनी फक्त एकेक डॉलर घेतला! आणखी एक गंमत सांगू? बँटिंगचा वाढदिवस 14 नोव्हेंबर. म्हणून तोच दिवस जागतिक मधुमेह दिन. आणि आपल्याकडे त्या दिवशी काय असतं? बरोब्बर, बालदिन! या तारखेची आठवण ठेवा, ती पुढे लागणार आहे.

‘‘वर्गात सांगू नका’’

ऑगस्टमध्ये आमची मैत्रीण शाळेत परत आली. अंगावर थोडं मांसही चढलं होतं. तिची आई मला एका बाजूला घेऊन हळूच म्हणाली, ‘‘बाई, तुमच्यापुरतं ठेवा. वर्गात सांगू नका. मुलीची जात आहे. गावात एकदा बोलबाला झाला, की पुढे लग्नाला अडचण. सासूबाई तर म्हणतात, शेजारीसुद्धा कळता कामा नये.’’

मी कबूल केलं. वर मनात भीती होतीच. खेळताना हिला काही झालं तर? म्हणून मी तिला खो-खोच्या संघातून काढलं आणि हातात वही दिली. ‘‘तू गुण लिही.’’ रोज संध्याकाळी ती खांबाजवळ बसून इतरांचे गुण लिहायची. आठव्या दिवशी पाहिलं, तर वहीचं पान ओलं होतं.

मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मला विचारलं, ‘‘बाई, खेळायचं नाही असं तुम्हाला सांगितलं कुणी? तिला खेळू द्या. खेळायलाच हवं! मधुमेह असो वा नसो, मुलांनी रोज तासभर तरी घाम गाळायला हवा. फक्त तिने तयारीने खेळायचं.’’

मग मी त्यांना जे जे विचारलं आणि त्यांनी जे जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगते.

खेळलं की साखर कुठे जाते?

पुन्हा आपल्या पंगतीकडे चला. खेळताना स्नायूंना एवढी भूक लागते, की ती मुलं वाढप्याची वाट बघत नाहीत. ताट घेऊन स्वतःच पातेल्याकडे धावतात! म्हणजे व्यायामात स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही बरीच साखर ओढून घेतात. त्याच वेळी टोचलेलं इन्सुलिनही वाढत असतंच. दोन्हीकडून पातेलं रिकामं होऊ लागतं.

मग तुमची-माझी साखर खेळताना एकदम खाली का येत नाही? कारण आपलं स्वादुपिंड हुशार आहे. पळायला लागलो की ते इन्सुलिन सोडणं कमी करतं. पण एकदा टोचलेलं इन्सुलिन परत काढता येतं का? नाही ना! म्हणून टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाने स्वादुपिंडाचं हे काम डोक्याने करायचं. आधी साखर मोजायची, थोडं खायचं किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्सुलिनचा डोस कमी करायचा.

आणखी दोन गमती ऐका. सायकल चालवणं, पोहणं, लांब पळणं अशा संथ पण बराच वेळ चालणाऱ्या व्यायामात साखर हळूहळू उतरत जाते. पण शंभर मीटरची शर्यत किंवा अटीतटीचा सामना असला, की साखर उलट थोडा वेळ वरही जाते! कारण जोराच्या पळण्याने आणि धडधडीने अंगात ॲड्रिनॅलिन उसळतं आणि यकृत आपल्या कोठारातली साखर सोडतं. खो-खोत दोन्ही प्रकार असतात. जोरात पळायचं, मग चौकात बसायचं, पुन्हा उठून पळायचं. म्हणून तिथे अंदाजाने चालत नाही. मोजावंच लागतं.

दुसरी गंमत रात्रीची. खेळताना स्नायूंनी आपले साखरेचे डबे रिकामे केलेले असतात. खेळ संपला तरी ते डबे भरण्याचं काम कितीतरी तास चालू राहतं. त्यामुळे संध्याकाळी खेळलेल्या मुलाची साखर मध्यरात्री, पहाटेसुद्धा उतरू शकते. तेव्हा घरातले सगळे गाढ झोपलेले असतात!

आंब्याखालचा तो दिवस

सप्टेंबरमध्ये ती खेळायला उतरली. पहिले काही दिवस छान गेले. मी मैदानावरच असायची. पण एका शनिवारी मला केंद्रावर बैठक होती. मुली आपल्या आपण सराव करत होत्या. त्या दिवशी तिने मांडीत इन्सुलिन घेतलं होतं, वर जेवणही घाईघाईत अर्धंच झालेलं. थोड्या वेळाने तिला खो मिळाला. पण ती उठेचना. मैत्रिणी ओरडल्या, ‘‘अगं, ऊठ ना!’’ ती नुसतीच बघत राहिली. मग कुणाशी तरी उगाच भांडली, आंब्याखाली जाऊन बसली. मुलींना वाटलं, रुसली. ‘‘बसू दे तिला!’’ म्हणून त्या पुन्हा खेळू लागल्या.

मुलांनो, ती रुसली नव्हती. तिच्या रक्तातली साखर उतरली होती. मेंदूला साखर पुरली नाही की हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो, भूक लागते, डोळ्यांसमोर अंधारी येते. चिडचिड होते, बोलणं भलतंच होतं. याला ‘हायपो’ म्हणतात. दप्तरात ग्लुकोजचा पुडा होता. पण तो काढायला हवा, हेच तिला सुचत नव्हतं. आणि दुसऱ्या कुणाला तो पुडा कशासाठी आहे, हे माहीतच नव्हतं. कारण आम्ही मोठ्यांनी ते गुपित ठेवलं होतं!

नशीब, खिचडी शिजवणाऱ्या मावशी भांडी आवरून निघाल्या होत्या. त्यांच्या घरी मधुमेहाचं माणूस. घामाने भिजलेला तिचा चेहरा पाहून त्यांनी ओळखलं आणि शाळेच्या डब्यातली साखर पाण्यात कालवून तिला घोट घोट पाजली. पंधरा मिनिटांत पोरगी माणसात आली.

सोमवारी मी तिच्या आईला बोलावलं. एवढंच म्हटलं, ‘‘लग्नाची काळजी पुढे करू. आधी पोरगी मैदानातून घरी धड यायला हवी ना?’’ आई काही बोलली नाही, नुसती बसून राहिली. शेवटी म्हणाली, ‘‘तिलाच विचारा.’’

तिने विचार करायला बरेच दिवस घेतले. आणि 14 नोव्हेंबरला, बालदिनाच्या कार्यक्रमात, ती आपणहून उभी राहिली. हातात ते यंत्र होतं. म्हणाली, ‘‘मला टाइप वन आहे. मी रुसले असं वाटलं, तर आधी मला साखर द्या. मग भांडा!’’ सारा वर्ग हसला, तीही हसली. त्या दिवसापासून आमच्या मैदानावरचा नियम ठरला: आधी बोट, मग खो!

खेळाडूचा तक्ता

डॉक्टरांनी आम्हाला जो तक्ता दिला, तो असा. पण हे आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्यापैकी कुणाला मधुमेह असेल, तर तुमच्या डॉक्टरांनी दिलेले आकडेच खरे.

• साखर 90 पेक्षा कमी: लगेच पळायचं नाही. आधी थोडा खाऊ, पुन्हा तपासणी, मग खेळ.

• साखर 90 ते 250: खेळायला हरकत नाही. 90 च्या जवळ असेल किंवा बराच वेळ खेळायचं असेल, तर केळं, चिक्की किंवा दोन-तीन बिस्किटं खाऊन उतरा.

• साखर 250 पेक्षा जास्त: कारण शोधा. इन्सुलिन चुकलं का? कीटोन तपासा. कीटोन असतील, उलटी, पोटदुखी किंवा ताप असेल, तर खेळ बंद आणि थेट डॉक्टर. ‘पळून साखर उतरवतो’ असं करायचं नाही. अंगात इन्सुलिन नसताना पळालं, तर साखर आणि कीटोन दोन्ही आणखी वाढतात.

• खेळताना अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा मोजा. खेळ संपल्यावर मोजा. झोपण्याआधीही मोजा.

• पळायच्या आधी मांडीत इंजेक्शन नको. पळणाऱ्या पायातून इन्सुलिन भराभर रक्तात शिरतं. त्या वेळी पोटावर घ्या.

• बोट टोचण्याआधी हात धुवा. बोटाला गुळाचा कण चिकटलेला असेल, तर यंत्र गुळाचीच साखर मोजतं!

• पायात मोजे आणि मापाचे बूट. खेळून आल्यावर पाय धुऊन जखम आहे का ते पाहा.

दोस्तांनो, तुमचं काम

तुमच्या वर्गात असा एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल, तर एवढं करा.

साखर 70 च्या खाली गेली किंवा हायपोची लक्षणं दिसली, की खेळ ताबडतोब थांबवा. यंत्र हाताशी नसेल तर शोधत बसू नका. दोन-तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात घालून द्या. पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. साखर चढली नसेल तर पुन्हा द्या. चढली की थोडं पोळी-भाजी किंवा बिस्किटं खायला द्या. त्याला एकट्याला घरी पाठवू नका.

पेढा किंवा चॉकलेट का नको? ते गोड असतं, पण त्यात स्निग्ध पदार्थही असतात. त्यांच्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. हायपोत उशीर परवडत नाही. तिथे साधी साखरच राजा!

आणि मित्र बेशुद्ध झाला असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा, मोठ्यांना हाक मारा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

आणखी एक. त्याला सारखं ‘बिच्चारा’ म्हणू नका. वसीम अक्रमला 1997 साली टाइप वन मधुमेह झाल्याचं कळलं. तरी तो खेळत राहिला आणि 2003 च्या विश्वचषकात त्याने एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला. अमेरिकेचा जलतरणपटू गॅरी हॉल ज्युनियर याला 1999 साली हा आजार झाला. दुसऱ्याच वर्षी सिडनी ऑलिम्पिकमध्ये त्याने 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक संयुक्तपणे मिळवलं आणि 2004 साली अथेन्सला ते पुन्हा जिंकलं! टेनिसपटू अलेक्झांडर झ्वेरेव्हला तर अगदी लहानपणापासून हा मधुमेह आहे. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये एकेरीचं सुवर्णपदक त्याने पटकावलं. त्याने ही गोष्ट जगाला सांगितली ती मात्र 2022 मध्ये. एवढ्या मोठ्या खेळाडूलाही सांगायला वेळ लागला. मग आमच्या मैत्रिणीला तीन-चार महिने लागले, त्यात नवल काय?

आई-बाबांसाठी दोन शब्द

आता थोडं पालकांशी बोलते.

नवीन निदान झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत एक चकवा असतो. इन्सुलिन सुरू झाल्यावर उरल्यासुरल्या बीटा पेशी जरा दम घेतात आणि थोडं इन्सुलिन पुन्हा बनवू लागतात. डोस कमी कमी होत जातो. डॉक्टर याला ‘हनिमून फेज’ म्हणतात. याच काळात खेळताना साखर पटकन खाली जाऊ शकते, म्हणून जास्त लक्ष ठेवावं लागतं. आणि याच काळात कुणीतरी झाडपाल्याचं औषध घेऊन दारात येतं. ‘‘बघा, डोस कमी झाला ना? आता इंजेक्शन बंदच करा!’’ आमच्या मैत्रिणीच्या आजीलाही असं कुणी तरी सांगितलं होतं. कृपा करून ऐकू नका. हा काळ संपतोच. टाइप वनमध्ये इन्सुलिन थांबवणं म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळणं. व्यायाम, पथ्य, योगासनं सगळं इन्सुलिनच्या जोडीला, त्याच्या जागी नाही.

जास्त खेळ झालेल्या दिवशी रात्रीच्या डोसबद्दल डॉक्टरांना विचारून ठेवा. झोपताना साखर पाहा, गरज वाटली तर थोडं दूध-पोळी द्या आणि मध्यरात्री एकदा उठून तपासा. आमच्या मैत्रिणीची आई सामन्याच्या रात्री दोनचा गजर लावते. मुलाला मोठा हायपो होऊन गेला असेल, तर त्यानंतर चोवीस तास खेळ नको.

इन्सुलिनला ऊन सोसत नाही आणि ते गोठूनही चालत नाही. घरी फ्रिज नसेल तर मातीच्या मडक्याची युक्ती करा. मोठ्या मडक्यात थोडी ओली वाळू, त्यात छोटं मडकं आणि छोट्या मडक्यात इन्सुलिनचा डबा, वर ओलं फडकं. मडकं सावलीत ठेवा. मैदानावर दप्तर उन्हात टाकू नका.

शाळेला लपवू नका. एका कागदावर मुलाचं नाव, आजार, हायपोची लक्षणं, काय द्यायचं, डॉक्टरांचा आणि तुमचा फोन नंबर लिहून वर्गशिक्षकांना आणि खेळाच्या शिक्षकांना द्या. 2017 साली सीबीएसईने अशा मुलांना परीक्षेच्या दालनात खाऊ नेण्याची मुभा दिली. 2023 मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना कळवलं, की या मुलांना शाळेत साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, मधल्या वेळी खाऊ द्यावं आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळूही द्यावं. तेव्हा विचारायला संकोच कसला?

आणि शिक्षकबंधू-भगिनींनो, करंगळी वर करणाऱ्या मुलाला ओरडण्याआधी माझी आठवण ठेवा.

शेवटचा डाव

डिसेंबरात आमच्या केंद्राच्या स्पर्धा झाल्या. अंतिम सामना, शेवटचा डाव, समोर शेजारच्या गावची तगडी शाळा. आम्ही पाठलाग करणार होतो. मध्यंतरात तिने बोट टोचलं. आकडा आला 64.

मी काही बोलायच्या आत तिने स्वतःच हात वर केला. ‘‘बाई, मला बदला.’’

ती बाहेर बसली. कर्णधार मुलीने ग्लुकोजचा पुडा तिच्या हातात दिला आणि पळत मैदानात गेली. ती घोट घोट ग्लुकोज पीत, रेषेबाहेरून ओरडत होती, ‘‘डावीकडे! खांबाकडे!’’ पंधरा मिनिटांनी आकडा 98 झाला. पण तोवर डाव संपत आला होता. एका गुणाने आम्ही हरलो.

परत येताना टेम्पोत कुणी बोलेना. ती मान खाली घालून बसली होती. हळूच म्हणाली, ‘‘मी असते तर जिंकलो असतो.’’

कर्णधार मुलगी तिच्याकडे वळली आणि म्हणाली, ‘‘तू पडली असतीस, तर आम्ही खेळलोच नसतो. पुढच्या वर्षी खेळायच्या आधी चिक्की खायला विसरू नकोस म्हणजे झालं. आणि आता आकडा किती, ते सांग.’’

तिने टेम्पोच्या हेलकाव्यांतच यंत्र काढलं. सगळ्या मुली वाकून बघू लागल्या. आकडा आला 132. टेम्पोत एकच आरडाओरडा झाला. सामना जिंकल्यासारखा!

तर मुलांनो, पुढच्या वर्षीच्या स्पर्धेची तयारी आमच्या मैदानावर आत्ताच सुरू झाली आहे. तुम्हीही रोज तासभर खेळा. आणि तुमच्या मैदानाच्या कडेला कुणी वही घेऊन नुसतंच गुण लिहीत बसलं असेल, तर त्याला जाऊन विचारा, ‘‘का रे, का गं, तू का नाही खेळत?’’